परोपजीवी गांधीलमाश्या: आधी नाव की आधी निरीक्षण?

रानमाळ
नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना यंदा फुलपाखरं-पक्षी असे नेहमीचे विषय न देता परोपजीवी गांधीलमाश्या द्यायचं मनात आहे. दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात, अळीत नाहीतर कोषात या अंडी घालतात आणि पिल्लं त्या यजमानाला आतून खाऊन संपवतात. बहुतेक एक-दोन मिलिमीटरच्या, कित्येक त्याहूनही लहान. त्यांतल्या चाल्सिड या एकाच गटात २२ हजारांवर जातींची नोंद झाली आहे आणि खरा आकडा ५ लाखांपर्यंत जाईल असा अंदाज आहे. म्हणजे आपल्या कॉलेजच्या कुंपणावरसुद्धा न नोंदलेलं काहीतरी बसलेलं असू शकतं, या विचारानंच मला हुरूप येतो.

आमच्या एका सहकाऱ्यांचं म्हणणं असं की मुलांना नुसतं निरीक्षण करू द्या, जात ओळखणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे. शिवाय आता डीएनएवरून नाव कळतंच. मला हे पटत नाही. माशी कोणती हेच ठाऊक नसेल तर वहीतलं निरीक्षण कुणाच्या नावावर मांडायचं? पण माझा अभ्यास गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचा, म्हणून जाणकारांना विचारते आहे. सुरुवात कुठून करावी, साध्या सूक्ष्मदर्शकावर कितपत जमेल, आणि नावाचा आग्रह धरावा का?

चकली
अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी! चावते का?

बाल्सम
@चकली, माणसाला अजिबात नाही. तिच्या पोटाच्या टोकाची नळी अंडी घालायला असते.

@रानमाळ ताई, विषय फार छान निवडलात. मी याच माश्यांच्या वर्गीकरणावर काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात माव्यापासून करा. रुईच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा असतो, तो बघायला कुठं लांब जावं लागत नाही. त्या गर्दीत एखादा मावा फुगलेला, तपकिरी, कागदासारखा कोरडा दिसेल. तो हलत नाही. आम्ही त्याला ममी म्हणतो. आत माशीचं पिल्लू वाढत असतं. अशा ममीसकट पानाचा तुकडा छोट्या नळीत ठेवा, तोंडाला कापूस लावा. काही दिवसांत माशी बाहेर येते. मग रिकामी ममी भिंगाखाली धरा. भोक स्वच्छ गोल असेल, कधी त्याला झाकणही लोंबकळत असेल, तर माव्यावर जगणारी माशीच बाहेर पडली. भोकाच्या कडा कुरतडल्यासारख्या वेड्यावाकड्या असतील तर बहुधा आतल्या माशीला खाणारी दुसरीच माशी निघालेली असते, म्हणजे परोपजीवीचा परोपजीवी. एवढ्याशा भोकावरून मुलांना अन्नसाखळीची एक जास्तीची पायरी दिसते, आणि त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं.

दुसरी सोपी सोय म्हणजे पिवळे वाडगे. उथळ पिवळ्या वाडग्यात पाणी आणि साबणाचे दोन थेंब घालून सकाळी बांधावर जमिनीलगत ठेवायचे. पिवळ्या रंगाकडे या माश्या येतात, साबणामुळे पाण्यावर तरंगत नाहीत. संध्याकाळी चहाच्या गाळणीतून गाळून अल्कोहोलमध्ये टाकायच्या. पण वाडग्यात सापडलेली माशी कुणाच्या अंगातून आली हे कळत नाही. ते कळायला यजमान पाळावाच लागतो. दोन्ही करा.

नावाचं म्हणाल तर कुळापर्यंत मुलं नक्की पोचतील. शृंगिकांची (डोक्यावरच्या मिशांची) पेरं, पायाच्या टोकाची पेरं, पुढच्या पंखावरची शीर, एवढं मोजता आलं की पुष्कळ कुळं वेगळी होतात. ट्रायकोग्रामा या दुसऱ्या कीटकांच्या अंड्यांत वाढणाऱ्या माशीच्या कुळात पायाच्या टोकाला तीनच पेरं असतात. एकदा ती मोजली की मुलं विसरत नाहीत.

उसाचा_बांध
रानमाळ ताई, आम्ही सांगलीकडचे ऊसवाले. ट्रायकोकार्ड आमच्या रोजच्या बोलण्यातलं. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर धान्यातल्या पतंगाची अंडी चिकटवलेली असतात, एका कार्डावर साधारण २० हजार. त्यात ट्रायकोग्रामानं आपली अंडी घातली की ती काळी पडतात. कार्डाच्या पट्ट्या कापून पानाच्या मागच्या अंगाला टाचायच्या, उन्हातान्हात नाही, सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी. माशी बाहेर पडली की खोडकिड्याची अंडी शोधत फिरते. अळी खोडात शिरल्यावर औषध पोचवणं अवघड, त्यामुळं अंड्यातच कारभार आटोपला तर बरं.

पण आमच्याकडं २००२ ला लोकरी मावा आला तो काळ आठवतोय. पानाच्या मागं पांढरा थर, पुढचं पान चिकट, वर काळी बुरशी. शिवारच्या शिवार काळं. लोक रात्रंदिवस फवारत होते. शेवटी तो आटोक्यात आला तो मित्रकीटकांनी. डिफा नावाच्या पतंगाची अळी माव्यावर सोडली, मायक्रोमस हा मावा खाणारा कीटक आला, आणि ईशान्य भारतातून आणलेली ती बारकी माशी. नाव बाल्सम सांगतील.

बाल्सम
@उसाचा_बांध, एन्कार्सिया फ्लावोस्कुटेलम. ईशान्येत तो मावा आधीपासून होता आणि त्याच्यामागं ही माशीही होती. म्हणून शोधायला तिकडे जायचं सुचलं.

उसाचा_बांध
हां, तीच. आता माझी एक तक्रार. मध्यंतरी एका ठिकाणाहून आणलेल्या कार्डांतून माश्या निघाल्या भरपूर, पण उसात काही फरक पडेना. शेजाऱ्यानं दुसरीकडून आणलेल्यांनी काम केलं. दोन्हींवर छापलेलं नाव एकच. दिसायला दोन्ही सारख्याच पिवळसर. असं का व्हावं?

बाल्सम
कारणं अनेक असू शकतात: कार्ड उन्हात तापलं, माश्या पिढ्यान् पिढ्या प्रयोगशाळेतच वाढून कमकुवत झाल्या, किंवा जवळपास कुणीतरी फवारणी केली. पण एक शक्यता अशीही की कार्डावरची जात छापलेल्या नावाची नव्हतीच.

ट्रायकोग्रामाच्या जाती बाहेरून जवळजवळ सारख्या. एकेकाळी रंगावरून आणि केसांवरून ओळखायचा प्रयत्न व्हायचा, आणि रंग तर तापमानासोबतही बदलतो. त्यामुळे नावांचा नुसता गोंधळ होता. यातून वाट काढली ती आपल्याच देशात. बंगळुरूच्या जैविक नियंत्रण केंद्रात काम करणाऱ्या सुधा नगरकट्टी आणि एच. नागराज यांनी १९६८ साली दाखवून दिलं की नराच्या जननेंद्रियाची रचना पाहिली तर जाती खात्रीनं वेगळ्या करता येतात. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या नराचा तो अवयव काचपट्टीवर नीट पसरून बघायचा! ही पद्धत पुढे जगभर मान्य झाली. उसावर आज आपण सोडतो त्या ट्रायकोग्रामा कायलोनिसची ओळखही अशीच पक्की झाली. मधल्या काळात तिलाच ट्रायकोग्रामा कन्फ्यूजम असं वेगळं नाव मिळालं होतं.

हे सगळं सांगतोय कारण ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. शेतात काय घडलं हे बघायला उसाचा_बांध यांची नजर हवी आणि का घडलं हे कळायला काचपट्टी हवी.

गच्चीवरची_शेती
माझ्याकडे कुंडीतल्या लिंबावर फुलपाखराच्या अळ्या असतात, लेक त्यांना डब्यात पाळते. मागच्या पावसाळ्यात एका कोषातून फुलपाखरू निघालंच नाही. कोष काळपट झाला, मग बाजूला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं आणि त्यातून एकामागून एक चमकदार हिरवट माश्या निघाल्या, ढीगभर. लेक आधी रडली, मग भिंग घेऊन बसली. ती यातलीच का?

आणि कोबीवरच्या अळीच्या अंगाला तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे चिकटलेले असतात ती अळीची अंडी ना? मी अशा अळ्या मारून टाकते.

बाल्सम
कोषातल्या माश्या बहुधा टेरोमॅलस असाव्यात, फुलपाखरांच्या कोषांवर वाढणारी जात. फोटो असेल तर टाका.

कोबीवरच्या अळ्या मात्र कृपा करून मारू नका. ते दाणे अंडी नाहीत, ब्रॅकॉनिड माश्यांचे रेशमी कोष आहेत. पिल्लं अळीच्या आत वाढून, कातडी भोकसून बाहेर आली आणि त्यांनी तिथंच कोष विणले. ती अळी आता पान खाणार नाही, फुलपाखरूही होणार नाही. तिला चिरडलंत तर पुढच्या पिढीच्या माश्या तुम्हीच संपवल्यात.

या गटाची आणखी एक गंमत आहे. अंडं घालताना माशी अळीच्या अंगात विषाणूसारखे कण सोडते. ते अळीची प्रतिकारशक्ती दाबून टाकतात, नाहीतर अळीच्या रक्तपेशींनी अंड्याला वेढून मारलं असतं. हे कण तयार करण्याची माहिती माशीच्या स्वतःच्या जनुकांमध्येच असते, आणि ही भागीदारी सुमारे १० कोटी वर्षं जुनी मानली जाते.

निरुपद्रवी
वाचताना अंगावर काटा आला. डार्विननंही १८६० साली अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात याच माश्यांचा दाखला दिला होता: दयाळू, सर्वशक्तिमान ईश्वरानं जिवंत अळ्यांच्या शरीरातून खाणारे असे कीटक मुद्दाम घडवले असतील हे मनाला पटत नाही, अशा अर्थाचं.

माझा प्रश्न मात्र माणसांबद्दल आहे. मुलांच्या प्रकल्पासाठी वाडगे भरभरून कीटक मारायचे हे मला योग्य वाटत नाही. फोटो काढून भागत नाही का?

रानमाळ
@निरुपद्रवी, प्रश्न रास्त आहे, मलाही पडला होता. म्हणूनच यजमान पाळण्यावर भर द्यावा असं वाटतंय. वाडगे मोजकेच, आणि त्यात आलेला प्रत्येक कीटक नोंदून जपायचा, टाकून द्यायचा नाही.

बाल्सम
सहमत. फोटोबद्दल एवढंच म्हणेन, मोठ्या फुलपाखराचं फोटोवरून जमतं. एक मिलिमीटरच्या माशीच्या पायाची पेरं मोबाइलच्या फोटोत दिसत नाहीत. नमुना नसेल तर पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली तरी तपासायला काही उरत नाही.

चकली
आमच्या मुंबईच्या घरी बाथरूममध्ये एक काळा कीटक येतो. पातळ कंबर, आणि मागचं पिटुकलं पोट झेंडा हलवल्यासारखं सारखं वर-खाली. आई त्याला चप्पल दाखवते. तोही यांच्यातला का?

बाल्सम
हो! इव्हेनिया. या धाग्यातल्या माश्यांच्या मानानं ती राक्षस आहे, पण परोपजीवीच. झुरळाच्या अंड्यांच्या पाकिटात अंडं घालते आणि तिचं पिल्लू आतली सगळी अंडी फस्त करतं. आईंना सांगा, चप्पल झुरळासाठी राखून ठेवा.

चकली
आईला वाचून दाखवलं. इव्हेनियाला अभय मिळालं आहे. 😀

चारअक्षरी
सगळे एकाच बाजूनं बोलताहेत म्हणून दुसरी बाजू मांडते. मी रेण्वीय जीवशास्त्रात आहे. ५ लाख जाती असतील आणि २२ हजारांची नोंद झाली असेल, तर एकेका माशीचे पाय मोजत बसण्यानं हे काम कधी पुरं होणार? जंगलं तोवर थांबणार आहेत का? कोस्टारिकातल्या ब्रॅकॉनिड माश्यांवर २०२१ साली एक प्रबंध आला. त्यात शार्की आणि सहकाऱ्यांनी मुख्यतः डीएनए बारकोडच्या, म्हणजे जात ओळखायला वापरतात त्या डीएनएच्या छोट्या तुकड्याच्या आधारे एका दमात ४०३ नव्या जाती जाहीर केल्या. शिवाय त्यांच्याकडे अळ्या पाळून जमवलेल्या नोंदी होत्या, म्हणजे कोण कुणावर जगतं हेही सोबत. मला हाच मार्ग बरोबर वाटतो. नर-मादी इतके वेगळे दिसतात की जुन्या लोकांनी त्यांना दोन जाती म्हणून नोंदवलं अशी उदाहरणं आहेत. डीएनएला तो प्रश्न येत नाही.

बाल्सम
नर-मादीचा मुद्दा पूर्ण मान्य. मीही बारकोड वापरतो. पण त्या ४०३ जातींवरून वर्गीकरण करणाऱ्यांमध्ये मोठा वाद झाला, तो उगीच नाही. वर्णनात मुख्यतः डीएनएच्या अक्षरांची ओळ (अनुक्रम) आणि एक फोटो. ज्याच्याकडे अनुक्रम काढायला पैसे नाहीत त्यानं हातातली माशी ओळखायची कशी? रानमाळ ताईंच्या मुलांना अशा वर्णनाचा काय उपयोग? आणि संग्रहालयात शंभर वर्षं पडून असलेल्या नमुन्यांतून डीएनए दर वेळी निघतोच असं नाही. जुन्या नावांशी नाळ तुटली तर तीच माशी पुन्हा पुन्हा नवी म्हणून नोंदली जाईल.

टेम्सकाठ
नाळ तुटण्यावरून लिहावंसं वाटलं. मी लंडनला असतो, पेशानं हिशेबनीस, पण सुटीच्या दिवशी कीटकांच्या मागे. इथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या जॉन नॉयस यांनी चाल्सिड माश्यांची सगळी नावं, समानार्थी नावं, यजमान, देश यांची एक प्रचंड माहितीसूची उभी केली. ती सगळ्यांना खुली आहे. मुलांना पहिल्या दिवशी ती दाखवा. भारत निवडून बघितलं की एम. एस. मणी, टी. सी. नरेंद्रन, मोहम्मद हयात ही नावं वारंवार भेटतात. एकेका माणसानं आयुष्यभर किती काम केलंय हे पाहून माणूस गप्प होतो.

बाल्सम
@टेम्सकाठ, हयात सरांचं नाव काढलंत, तर मी ज्या गोष्टीवर येणार होतो ती आता सांगतोच.

२००६ च्या सुमारास कपाशीवर एक नवा पिठ्या ढेकूण पसरला, फेनाकोकस सोलेनॉप्सिस. विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींना आठवत असेल. थोड्याच काळात असं दिसू लागलं की काही ढेकूण लालसर तपकिरी, कडक होताहेत आणि त्यांना भोकं पडताहेत. कुणी काही सोडलं नव्हतं, माशी आपोआप आली होती. अलीगढच्या मोहम्मद हयात यांनी २००९ साली तिचं वर्णन नवी जात म्हणून केलं आणि एनसीआयपीएम या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तेव्हाचे संचालक ओ. एम. बंबावाले यांच्या सन्मानार्थ नाव दिलं, एनासियस बंबावालेई. आता सगळ्यांना प्रश्न पडला, ही इथलीच माशी असेल तर परक्या ढेकणावर एवढी सफाईनं कशी जगते?

उत्तर २०१४ मध्ये नमुने ताडून पाहिल्यावर मिळालं. हीच माशी ए. ए. जिरॉ यांनी अमेरिकेतल्या ॲरिझोनातून १९१५ सालीच नोंदवलेली होती. त्यामुळे नियमाप्रमाणे जुनं नाव कायम झालं, एनासियस ॲरिझोनेन्सिस. आणि हा ढेकूणही अमेरिकेतलाच. म्हणजे शत्रू आपल्या यजमानाचा माग काढत समुद्रापार आला होता. नाव पक्कं झालं तेव्हा माशीचा सगळा प्रवास उलगडला. तिचं माहेर कोणतं, तिथं ती आणखी कुणावर जगते, हे प्रश्न त्यानंतरच नीट विचारता आले. निरीक्षण आणि नाव यांत आधी काय, या वादाला माझ्यालेखी हे उत्तर आहे.

टेम्सकाठ
हा जिरॉ म्हणजे अजब माणूस. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला राहून ३ हजारांहून अधिक जातींची वर्णनं केली, त्यांतली कित्येक पदरमोड करून छापली. माश्यांना कवींची आणि तत्त्वज्ञांची नावं द्यायचा. वर्णनं त्रोटक म्हणून लोक वैतागतात, पण नमुने जपले गेले म्हणून शंभर वर्षांनी त्याचं काम कपाशीला लागू पडलं.

चारअक्षरी
एनासियसची गोष्ट मला माहीत नव्हती, आवडली. तरी माझा मुद्दा सोडत नाही. दोन्ही देशांतल्या माश्यांचे बारकोड हाताशी असते तर हे पाच वर्षं आधी कळलं असतं.

बाल्सम
असतं, मान्य. @रानमाळ ताई, म्हणूनच नमुन्यांतले थोडे ९५ टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये थंड जागी ठेवा. पुढे कुणाला डीएनए काढायचा झाला तर चारअक्षरी दुवा देतील.

तेरेखोल
थोडं अवांतर. गोव्यात आमच्या घरामागे उंबर आहे. उंबरातले किडे सगळ्यांना माहीत, पण त्यांत किती प्रकारचे संसार आहेत हे बघण्यासारखं आहे. परागीभवन करणारी सेराटोसोलेन ही माशी फळात शिरते ती बहुतेक परत येतच नाही. दुसरी एक, ॲपोक्रिप्टा, आत जातच नाही. फळावर बाहेर उभी राहते, पोट उंच उचलते आणि केसाहून बारीक नळी कडक कच्च्या फळात खुपसते, आतल्या पिल्लांवर अंडी घालायला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या नम्रता गुंडय्या आणि लक्ष्मीनाथ कुंदनाटी यांनी २०१४ साली दाखवलं की या नळीच्या टोकाशी दातेरी रचना आहे आणि त्या दातांत जस्त असतं, त्यानं ती कणखर होते. दुपारी खालच्या फांद्यांवर भिंग घेऊन उभं राहिलं की हे चालू असलेलं दिसतं. मुलांना दाखवाच.

चकली
म्हणजे पिकलं उंबर खाल्लं की उपास मोडतो?

तेरेखोल
पिकेपर्यंत बहुतेक मंडळी उडून गेलेली असतात. पण फोडून, फुंकून खायची जुनी पद्धत आहे ती आहेच.

गच्चीवरची_शेती
यांत सगळ्यात छोटी कोण?

बाल्सम
माहीत असलेला सगळ्यात छोटा कीटक याच मंडळींतला. डायकोपोमॉर्फा एक्मेप्टेरिगिसचा नर, लांबी ०.१३९ मिलिमीटर. आंधळा, पंख नाहीत. मेगाफ्राग्मा ०.२ मिलिमीटरची, तिला पंख आहेत, आणि त्या पंखांना पातं असं जवळजवळ नाहीच, कडेनं लांब केस. पोलिलोव यांनी २०१२ साली दाखवलं की तिच्या मज्जासंस्थेत सुमारे ७,४०० चेतापेशी आहेत आणि प्रौढ माशीत त्यांतल्या ९५ टक्क्यांहून अधिकांना केंद्रकच उरत नाही. तरीही ती उडते, यजमानाचं अंडं शोधते, अंडी घालते.

उसाचा_बांध
केंद्रकाशिवाय! हे नातवाला सांगतो.

मक्यावरच्या लष्करी अळीला पण ट्रायकोकार्ड चालतं का? गावात दोन मतं आहेत.

बाल्सम
चालतं, पण अडचण अशी की त्या पतंगाची अंडी थरावर थर रचलेली आणि वर खवल्यांचं पांघरूण. ट्रायकोग्रामाला बहुतेक वरचाच थर गाठता येतो. टेलिनोमस रेमस ही दुसरी माशी खालच्या थरांपर्यंत पोचते. दोन्ही अंड्यांवरच्याच, पण कामात फरक. मिळाली तर टेलिनोमस बघा.

रानमाळ
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता ठरवलं ते असं: रुईवरचा मावा आणि त्याच्या ममी हा मुख्य प्रकल्प, सोबत एका उंबराचं निरीक्षण. प्रत्येक माशी कुळापर्यंत ओळखायची, शक्य तिथं प्रजातीपर्यंत, आणि न ओळखलेल्यांना 'माशी क', 'माशी ख' अशी तात्पुरती नावं देऊन नमुने जपायचे, म्हणजे निरीक्षण नमुन्याला बांधलेलं राहील. सहकाऱ्यांना एनासियसची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मग काचपट्ट्या करायला मीही बसतो." शेवटची शंका: परवानगी कुठं लागते, आणि खरंच काही नवं निघालं तर?

बाल्सम
कॉलेजचं आवार, शेत, मालकाची हरकत नसेल तर अडचण नाही. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक माशीही धरू नका. नवी जात वाटली तर घाई न करता तज्ज्ञाला दाखवा. पुण्यात आकुर्डीला झेडएसआयचं (भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं) पश्चिम विभागीय केंद्र आहे, बंगळुरूला एनबीएआयआर ही शेतीशी संबंधित कीटकांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. नव्या जातीचा नमुना नेमून दिलेल्या संस्थेत जमा करणं २००२ च्या जैवविविधता कायद्यानं बंधनकारक आहे.

उसाचा_बांध
ताई, मुलांना घेऊन आमच्याकडं या. बांधालगतच्या चार सऱ्या यंदा बिनफवारणीच्या ठेवतो, शेजारच्या फवारलेल्या. दोन्हीकडं वाडगे लावा आणि काय फरक पडतो ते मलाही सांगा. जेवण आमच्याकडं.

रानमाळ
नक्की येतो दादा. पावसाचा जोर ओसरला की तारीख कळवते.

टेम्सकाठ
एक बारीक गोष्ट राहिली. नळीच्या आत टाकायची चिठ्ठी पेन्सिलनं लिहायला सांगा: ठिकाण, तारीख, झाड, यजमान, गोळा करणाऱ्याचं नाव. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

चारअक्षरी
आणि चिठ्ठी नळीच्या आतच. बाहेर चिकटवलेली गळून पडते.